हिचवरचा आकडा आणि दांड्यावरचं वजन: कॅरॅव्हॅन जोडण्याआधी घरी आणि काट्यावर करायची कामं

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या मावसभावाने दोन माणसांची छोटी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. एकाच धुऱ्याची, मागे पाण्याची टाकी, मागच्याच बाकाखाली मोठी बॅटरी. गाडीला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायची मागची जोडणी, बसवून घेतला. बसवणाऱ्याने सांगितलं, "दीड टनाचा आहे, काळजी नको." पहिल्याच फेरीत नव्या झुआरी पुलावर ताशी सत्तरच्या आसपास ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे डुलायला लागलं. त्याने नशिबाने ब्रेक दाबला नाही, फक्त ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी सावरली. घरी येऊन त्याने मला फोन केला तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

हिच खरोखरच दीड टन ओढण्याचा होता. सांगणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण तो आकडा या प्रश्नाचं उत्तर नव्हता. ट्रेलर गाडीच्या हिचवर उभं किती वजन टाकतो, हे कुणी मोजलंच नव्हतं. ते मोजलं तेव्हा कळलं, ९६० किलोच्या ट्रेलरचा दांडा हिचवर जेमतेम ३८ किलो भार टाकत होता.

गोव्यात आता जेट-स्कीचे ट्रेलर, होड्यांचे ट्रेलर, खाण्याच्या गाड्या आणि हळूहळू कॅरॅव्हॅनही दिसू लागल्या आहेत. जोडणी कुणी अमेरिकेहून मागवलेली लावतो, कुणी युरोपातली, कुणी वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून बनवून घेतो. एकाच जोडणीत तीन देशांचे भाग आणि तीन तऱ्हांचे आकडे येतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी दोन वजनं वेगळी ओळखा

पहिलं वजन म्हणजे ट्रेलरचं एकूण वजन, सामान, पाणी, गॅस सगळं धरून. दुसरं म्हणजे टंग वेट: ट्रेलरच्या दांड्याचं टोक हिचच्या गोळ्यावर सरळ खाली जेवढं दाबतं तेवढं. युरोपातल्या कागदांत यालाच नोज वेट म्हणतात. हिचवर या दोन्हींची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या असतात.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे शिकवावं लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची, जू बैलाच्या मानेवरून वर उचललं जायचं. पुढे जास्त भरलं की जू मानेत रुतायचं आणि बैल बसायचा. गाडीवान भरताना जू हाताने उचलून बघायचा आणि थोडासाच भार मानेवर राहील असं सामान लावायचा. कॅरॅव्हॅनचं गणित नेमकं तेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर थांबते, आणि ८० च्या वेगाने जाणारा उलाळ ट्रेलर मागून गाडीला झोके देतो. झोका एकदा वाढू लागला की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. पुलावरचा आडवा वारा किंवा शेजारून सुटलेली कदंबची बस एवढं निमित्त पुरतं.

दांडा फार जड झाला तर गाडीचं शेपूट बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सुटल्यासारखं वाटतं, ब्रेकचं अंतर वाढतं आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मधली योग्य जागा कोणती? अमेरिकेत ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट धरतात. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के, कारण तिथल्या गाड्यांना दांड्यावरच्या भाराची मर्यादाच कमी दिलेली असते, ट्रेलरची बांधणी त्या हिशोबाची असते आणि वेगही बांधलेला असतो. आपल्याकडे बनलेल्या ट्रेलरची बांधणी कोणत्या हिशोबाने झाली हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून मी १० टक्क्यांच्या आसपास राहायला सांगतो. युरोपातला ट्रेलर असेल तर त्याच्या पट्टीवर लिहिलेलं पाळा.

पायरी पहिली: ट्रेलर खरोखर जसा नेणार तसा भरा

रिकाम्या ट्रेलरचं वजन करून काही उपयोग नाही. मेकरच्या कागदावरचं वजनही रिकाम्याचंच असतं, आणि नंतर लावलेला एसी, छत्री, सोलर त्यात नसतो. चार दिवसांच्या फिरतीला निघताना जे भराल ते सगळं, ज्या जागी ठेवाल त्या जागी ठेवा. पाणी लिटरला एक किलो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि वर जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. इन्व्हर्टरची १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर जाते. ती कुठे ठेवली आहे यावरच दांड्याचं वजन ठरतं, त्यामुळे "बॅटरी नंतर बसवू" असं करू नका.

पायरी दुसरी: दांडा तोला

घरात माणसांचं वजन बघायला वापरतो तो वजनकाटा छोट्या कॅरॅव्हॅनसाठी सगळ्यात चांगला. त्याची मर्यादा १५० किंवा १८० किलो असते आणि तो किलोच्या आत अचूक दाखवतो. ट्रेलर सपाट जमिनीवर, शक्यतो सिमेंटच्या अंगणात घ्या. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. दांड्याच्या टोकाची उंची गाडीच्या गोळ्याएवढी यायला हवी, कारण टोक खाली झुकलं असेल तर आकडा वेगळा येतो. मी एक चिरा आडवा ठेवतो, त्यावर फळी, फळीवर वजनकाटा आणि काट्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा. मग जॉकी, म्हणजे दांड्याखालचं आधाराचं चाक, हळूहळू वर घेत दांडा ठोकळ्यावर टेकवायचा आणि जॉकीचं चाक जमिनीपासून पूर्ण सुटलं की आकडा वाचायचा. दांड्याखाली पाय घालू नका. तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे जवळ आले पाहिजेत.

टंग वेट काट्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तरफ वापरा. एक मजबूत लाकडी तुळई घ्या. तिचं एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी पाइपच्या तुकड्यावर, दुसरं टोक तसाच पाइपचा तुकडा ठेवून काट्यावर. दांडा तुळईवर असा टेकवा की विटेकडच्या आधारापासून तो १ फूट आणि काट्याकडच्या आधारापासून २ फूट राहील. काट्यावर जो आकडा येईल त्याला ३ ने गुणा. दांडा टेकवण्याआधी, नुसती तुळई काट्यावर असताना, काटा शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर तुळईचं वजनही तिप्पट होईल.

आता वे-ब्रिज, म्हणजे ट्रक तोलायचा काटा. डिचोली, साखळी, उसगाव, सावर्डे या खाणपट्ट्यात काट्यांची सवय जुनी आहे, चालकाला नीट सांगितलं की तो समजून घेतो. तीन वजनं घ्यायची. पहिलं फक्त गाडीचं, माणसं आणि इंधन धरून. दुसरं ट्रेलर जोडलेला, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर, फक्त गाडीची चारही चाकं वर. तिसरं सगळं वर. मावसभावाच्या गाडीचे दुरुस्तीनंतरचे आकडे होते २२४०, २३३० आणि ३१४० किलो. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टंग वेट, ९० किलो. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं एकूण वजन, ९०० किलो. म्हणजे बरोबर १० टक्के.

पण ट्रकसाठी बनवलेला काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्याने मोजतो. दोन वजनांची वजाबाकी केली की चूक दोन्हीकडची येते. ९० किलो मोजताना १५ किलोची चूक म्हणजे निकालच बदलला. म्हणून छोट्या ट्रेलरचं एकूण वजन काट्यावर करा, दांडा मात्र घरच्या वजनकाट्यावर. मावसभावाचा ९० हा आकडा आम्ही घरी मोजून मगच खरा धरला.

काट्यावर गेलाच आहात तर आणखी एक वजन घ्या: फक्त पुढची चाकं वर ठेवून, एकदा ट्रेलरशिवाय आणि एकदा ट्रेलरसह. ते कशासाठी, ते पुढे येतं.

पायरी तिसरी: साखळीतला प्रत्येक आकडा लिहून काढा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून इथे थांबून सावकाश जाऊ.

रिसीव्हर म्हणजे गाडीच्या चेसिसला खालून बोल्ट केलेली चौकोनी नळी. तिच्यात बॉल माउंट सरकतो, त्याला आडवी पिन लागते, बॉल माउंटवर गोळा बसतो आणि गोळ्यावर ट्रेलरचा कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची पकड. म्हणजे गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, गोळा, कपलर असे पाच दुवे. प्रत्येकाला आपली मर्यादा आहे आणि सगळ्या साखळीची मर्यादा म्हणजे त्यातला सगळ्यात लहान आकडा.

अमेरिकी रिसीव्हर वर्गांनी ओळखले जातात. पहिला वर्ग २००० पौंड ओढण्याचा आणि २०० पौंड टंग वेटचा, म्हणजे सुमारे ९०७ आणि ९१ किलो. दुसरा ३५०० आणि ३५० पौंड, म्हणजे १५८८ आणि १५९ किलो. या दोघांची नळी साधारण सव्वा इंची असते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाची २ इंची. चौथा वर्ग १०,००० पौंड आणि १००० पौंडापर्यंत, म्हणजे ४५३६ आणि ४५४ किलो. पाचव्या वर्गाची नळी २ किंवा अडीच इंची असते आणि तो आपल्या कामाचा नाही.

तिसऱ्या वर्गात घोटाळा होतो. एसएई जे६८४ या अमेरिकी मानकात तो ५००० पौंडापर्यंतचा, पण बाजारात ८००० पौंड लिहिलेले रिसीव्हरही तिसऱ्या वर्गाचे म्हणून विकले जातात. म्हणून वर्ग ऐकून निर्णय घेऊ नका, नळीवर चिकटवलेली पट्टी वाचा. पट्टीवर अनेकदा दोन ओळी असतात: डब्ल्यूसी आणि डब्ल्यूडी. डब्ल्यूसी म्हणजे भार थेट गोळ्यावर. डब्ल्यूडी म्हणजे स्प्रिंग बार लावून भाराचा काही भाग पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणारी जोडणी. डब्ल्यूडीचा आकडा मोठा दिसतो, पण ती जोडणी नसेल तर तो तुमचा नाही. फक्त डब्ल्यूसीची ओळ वाचा. पट्टीच नसेल, किंवा गंजून वाचता येत नसेल, तर त्या रिसीव्हरला मर्यादा नाही असं नाही, ती तुम्हाला माहीत नाही इतकंच. मी अशा रिसीव्हरवर कॅरॅव्हॅन जोडणार नाही.

युरोपी टोबारवर पाट्या वेगळ्या. तिथे एस म्हणजे उभ्या स्थिर भाराची मर्यादा किलोमध्ये, आणि डी म्हणजे ओढण्याच्या झटक्यांची मर्यादा किलोन्यूटनमध्ये. यूएन नियमन ५५ खाली ही पद्धत ठरली आहे. एस समजायला सोपा आहे. डीचं सूत्र असं: गाडीचं जास्तीत जास्त वजन आणि ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन टनांत घ्या, त्यांचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या बेरजेने भागा, आलेल्याला ९.८१ ने गुणा. गाडी २.५ टन आणि ट्रेलर १ टन असेल तर २.५ भागिले ३.५, गुणिले ९.८१, म्हणजे सुमारे ७ किलोन्यूटन. टोबारवरचा डी ७ पेक्षा जास्त हवा.

आता समजा गाडीची मर्यादा १५०० किलो ओढण्याची आणि १०० किलो उभ्या भाराची. रिसीव्हर १५८८ आणि १५९. बॉल माउंट तेवढाच. गोळा १५८८. कपलर १३०० आणि ७५. तुमची मर्यादा किती? १३०० किलो आणि ७५ किलो. रिसीव्हरवरचा १५९ हा आकडा दुपटीहून मोठा असून इथे कामाचा नाही.

आणखी एक हिशोब उलटा करून बघा. दांड्याला ७५ च किलो चालतात आणि तुम्हाला १० टक्के ठेवायचे आहेत, तर ट्रेलर ७५० किलोपर्यंतच हवा. कागदावर १३०० लिहिलं असलं तरी. विकत घेताना लोक एकूण वजनाचा आकडा बघतात, आणि बऱ्याचदा मर्यादा घालतो तो टंग वेटचा छोटा आकडा.

गोळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. अमेरिकेत १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच असे गोळे येतात. युरोपात ५० मिलिमीटर. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, त्यामुळे "एकच आहेत" असं सांगणारे भेटतील. एकच नाहीत. ५० चा गोळा २ इंची कपलरमध्ये ढिला बसतो आणि खड्ड्यातून जाताना उसळू शकतो. माप गोळ्यावर कोरलेलं असतं, कपलरवरही असतं, दोन्ही वाचून जुळवा. जोडल्यावर कपलरचं कुलूप लावून जॉकीने दांडा वर उचलून बघा. गाडीचं शेपूट त्याच्याबरोबर वर आलं पाहिजे.

गाडीची मर्यादा कुठे शोधायची

ही आपल्याकडची सगळ्यात अवघड पायरी आहे. आधी गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल पूर्ण वाचा. त्यात ओढण्याची मर्यादा किंवा "ट्रेलर ओढू नये" अशी सूचना असू शकते. नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला इंजिन आणि मॉडेल लिहून पत्र किंवा मेल पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. त्याच नावाच्या गाडीला परदेशात अमुक टन मर्यादा आहे, हा पुरावा नव्हे. चेसिस, ब्रेक, गिअर, रेडिएटर वेगळे असू शकतात.

गाडीला पुढे-मागे जो हूक किंवा कडी असते ती रुतलेली गाडी हळूहळू ओढण्यासाठी असते. ती उभा भार सोसायला बनवलेली नाही. बंपरला वेल्डिंग करून गोळा लावण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या गॅरेजमधून निघा. बंपर आणि त्यामागचा पत्रा धडक सोसायला आहेत, रोज वरखाली होणारा भार घ्यायला नाहीत.

कायद्याचं दोन वाक्यांत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची नोंदणी आणि विमा लागतो. गाडीत केलेले बदल कलम ५२ खाली येतात, त्यामुळे हिच बसवण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे पणजी, म्हापसा, फोंडा, डिचोली, जे जवळ असेल तिथे विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

पायरी चौथी: मागच्या धुऱ्यावर किती गेलं

दांड्यावर ९० किलो म्हणजे मागच्या चाकांवर ९० किलो नव्हेत. गोळा मागच्या धुऱ्याच्याही मागे असतो, त्यामुळे तरफ तयार होते. गाडीच्या दोन धुऱ्यांतलं अंतर २.७ मीटर आणि मागच्या धुऱ्यापासून गोळा १.१५ मीटर मागे असेल तर मागच्या धुऱ्यावर ९० गुणिले ३.८५ भागिले २.७, म्हणजे सुमारे १२८ किलो वाढतात. पुढच्या धुऱ्यावरचे सुमारे ३८ किलो कमी होतात. काट्यावर पुढची चाकं वेगळी तोलायला सांगितली ती हे ताडून बघण्यासाठी.

आता गाडीत किती जागा उरते ते बघा. भरलेल्या गाडीच्या जास्तीत जास्त वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की, समजा, ५०० किलो येतात. पाच माणसं ३२५, सामान ८०, हिचचं स्वतःचं लोखंड २५, दांडा ९० धरला की ५२० झाले. हिच ठीक, ट्रेलर ठीक, पण गाडी २० किलोने जादा भरली. चवथीला गावी जाताना घरातली सगळी माणसं एकाच गाडीत आणि मागे कॅरॅव्हॅन, तेव्हा असंच होतं. मग एक माणूस बसने येऊ दे, किंवा गाडीतलं सामान ट्रेलरमध्ये, धुऱ्याच्या वर ठेवा.

पायरी पाचवी: आकडा जुळत नसेल तर सामान हलवा

यात खरी मजा आहे, आणि पैसेही लागत नाहीत. सूत्र सरळ आहे: वस्तूचं वजन गुणिले ट्रेलरच्या धुऱ्यापासून तिचं अंतर, भागिले धुऱ्यापासून कपलरपर्यंतचं अंतर. वस्तू धुऱ्याच्या पुढे असेल तर तेवढं टंग वेट वाढतं, मागे असेल तर कमी होतं.

मावसभावाच्या ट्रेलरमध्ये धुऱ्यापासून कपलर ३.२ मीटर होता. मागची ६० लिटरची टाकी धुऱ्याच्या १.१ मीटर मागे. भरलेली टाकी दांड्यावरचे सुमारे २१ किलो काढून घेत होती. ५५ किलोची बॅटरी १.२ मीटर मागे होती. ती आम्ही धुऱ्याच्या ०.६ मीटर पुढे, पलंगाखाली आणली. अंतर १.८ मीटर बदललं, दांड्यावर सुमारे ३१ किलो वाढले. टाकी प्रवासात रिकामी ठेवायची आणि मुक्कामी भरायची ठरवली. ३८ अधिक २१ अधिक ३१, बरोबर ९०. ट्रेलरचं वजनही टाकीतले ६० किलो गेल्याने ९०० वर आलं. कागदावर आलेला आकडा आणि मग वजनकाट्यावर आलेला आकडा एकच निघाला, तेव्हा तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

जड सामान शक्यतो धुऱ्याच्या आसपास आणि खाली ठेवा. पुढच्या टोकाला एक सिमेंटची गोणी ठेवूनही दांड्याचं वजन जमतं, पण मागच्या टोकाला बॅटरी आणि पुढच्या टोकाला गोणी म्हणजे लंबकाची दोन्ही टोकं जड केली. वजनकाटा बरोबर दाखवेल, पण ट्रेलर एकदा डुलला की थांबायला वेळ लागेल. टोकं हलकी, मधला भाग जड, हे लक्षात ठेवून हलवा.

घाट, फेरीबोट आणि मीठ

गोव्यातून बाहेर पडायचं तर अनमोड, चोर्ला, आंबोली, किंवा दक्षिणेला काणकोणकडे जाताना करमलघाट. चढावर ट्रेलरचा भार मागे कलतो आणि दांडा थोडा हलका होतो. ९०० किलोच्या, गुरुत्वमध्य गोळ्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर उंच असलेल्या ट्रेलरचा दांडा १२ ला १ च्या चढावर साधारण १२ ते १८ किलोने हलका होतो. उतारावर ब्रेक लावताना उलट, जड. सपाटीवर ५ टक्क्यांखाली असलेला ट्रेलर चढावरच्या वळणांवर आणखी हलका होतो, हे ध्यानात ठेवून निघा. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये उतरा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, आणि घाटात जाणाऱ्या आपल्या ट्रेलरलाही ते हवेतच, असं माझं ठाम मत आहे.

फेरीबोटीच्या धक्क्यावर उतार अचानक तुटतो. लांब दांड्याचा ट्रेलर तिथे जॉकीवर घासतो आणि क्षणभर दांड्यावर बरंच वजन येऊ शकतं. जॉकी पूर्ण वर घ्या, कुणाला तरी बाहेर उभं करून अंतर बघायला सांगा. भरती-ओहोटीप्रमाणे उतार बदलतो, तेव्हा सकाळी जमलं ते संध्याकाळी जमेलच असं नाही.

आणि मीठ. रिसीव्हरचा आकडा नव्या लोखंडाचा आहे. समुद्रात होडी उतरवणाऱ्या ट्रेलरांचे आणि किनाऱ्याला राहणाऱ्यांचे रिसीव्हर आतून गंजतात, बाहेरून रंग चांगला दिसत असतानाही. किनाऱ्यावरून आल्यावर नळीत गोड्या पाण्याचा पाइप घालून धुवा. वर्षातून एकदा, पाऊस संपला की, बॉल माउंट काढून नळी आतून टॉर्चने बघा. पिनचं भोक लंबगोल झालंय का ते पाहा. २ इंची नळीत पिन ५/८ इंची, म्हणजे १६ मिलिमीटरची असते, आणि ती भोकात खडखडत असेल तर भोक ओढलं गेलं आहे. वेल्डिंगवर चीर आहे का हे बघायला जुनी पद्धत पुरेशी आहे: जागा घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर तिच्यातलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं.

गंजाचा आणि इथल्या गतिरोधकांचा विचार करून मी रिसीव्हरच्या टंग वेटच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर जात नाही. १५९ च्या रिसीव्हरवर ९० असतील तर मला शांत झोप लागते. मागे सायकलचा स्टँड लावण्यासाठी नळी लांब करणारा एक्स्टेन्शन येतो. तो लावला की भार दूर जातो आणि रिसीव्हरची मर्यादा साधारण निम्मी धरावी लागते. कॅरॅव्हॅन ओढताना तो वापरू नका.

बनवून घेताना मेस्त्रीला काय सांगायचं

इथले फॅब्रिकेटर हाताचे पक्के आहेत, पण त्यांना ट्रेलर किती किलोचा आणि दांडा किती किलोचा हे कुणी सांगतच नाही. तुम्ही आकडे लिहून द्या. हिच चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टने बसला पाहिजे, शक्य असेल तर गाडीत आधीपासून असलेल्या भोकांतून. पेटीसारख्या पोकळ चेसिसमधून बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पेटी चेपते आणि चार दिवसांनी बोल्ट ढिला होतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं पाहिजे. चेसिसवर वेल्डिंग करू देऊ नका. मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेल्या, गाडीला चेसिसच नसतो, तिथे त्या गाडीसाठी बनवलेला हिच मिळत असेल तरच बसवा.

गोळ्याचा नट हाताच्या पान्याने आवळून पुरत नाही. १ इंची शॅंकच्या, म्हणजे खालच्या आट्यांच्या खुंट्याच्या, गोळ्याला साधारण ३४० न्यूटनमीटर लागतात, ट्रकच्या गॅरेजमध्ये त्याचा टॉर्क पाना मिळतो. सुरक्षा साखळ्या दोन, दांड्याखाली फुलीसारख्या आडव्या टाका, म्हणजे कपलर सुटला तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर पडेल.

पहिली फेरी

पहिल्यांदा लांब जाऊ नका. पहाटे रस्ता मोकळा असताना वीस-तीस किलोमीटर. आधी ४० च्या वेगाने, मग ६०. मोकळ्या, सरळ जागी स्टिअरिंगला हलकासा हेलकावा द्या आणि आरशात बघा: ट्रेलरचा झोका दोन-तीन हेलकाव्यांत मरायला हवा. तो मरत नसेल तर वेग वाढवू नका, परत या आणि वजनकाटा काढा. चालताना डुलू लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. ट्रेलरला वेगळा हाताचा ब्रेक असेल तर फक्त तो हलकेच लावा.

परत आल्यावर हात लावून बघा: हिचचे बोल्ट, गोळ्याचा नट, ट्रेलरच्या चाकांचे हब. हब एकीकडे जास्त गरम असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक धरतो आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा. मावसभावाने दांड्याच्या पत्र्यावर आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं आहे: टाकी रिकामी, बॅटरी पुढे, ९०. दर वेळी काही नवीन सामान चढलं की तो वजनकाटा अंगणात आणतो आणि आकडा बदलला तर जुना पुसून नवा लिहितो.